६४ जीबीचं कार्ड, आत जेमतेम ८

मायक्रोएसडी कार्डावर छापलेला आकडा आणि कॉम्प्युटर दाखवतो तो आकडा, दोन्हींवर विसंबू नका. मायक्रोकंट्रोलरवर चालणाऱ्या माझ्या ऑडिओ रेकॉर्डरसाठी ऑनलाइन मागवलेली ६४ जीबीची कार्डं बनावट निघाली. पाकीट, छपाई, लोगो, सगळं अगदी अस्सल वाटावं असं.

कार्ड किती मोठं आहे हे कार्डातला कंट्रोलरच सांगतो. त्याचं फर्मवेअर, म्हणजे आतला प्रोग्राम, बदलून ८ जीबीच्या चिपला ६४ म्हणायला लावलं की झालं. फॉरमॅटही बिनतक्रार होतं, कारण क्विक फॉरमॅट बूट सेक्टर (कार्डाची मूळ माहिती), फॅट टेबल (कोणती जागा कोणत्या फाइलकडे याची नोंद) आणि रूट डिरेक्टरी (मुख्य फोल्डर) एवढंच लिहितं आणि ते सगळं कार्डाच्या सुरुवातीला असतं.

माझा रेकॉर्डर १६ किलोहर्ट्झ, १६ बिट, मोनो लिहितो, म्हणजे दिवसाला पावणेतीन जीबी. जुन्या फाइल्स डिलीट होत असल्याने कार्डावर एका वेळी ८ जीबी कधीच नसायचे. पण फॅटएफएस (रेकॉर्डरमधली फाइल्स लिहिणारी लायब्ररी) मोकळा क्लस्टर, म्हणजे जागेचा तुकडा, शोधताना मागे येत नाही, शेवटी दिलेल्या क्लस्टरच्या पुढून शोधायला लागतं. त्यामुळे लिहिणं पुढेपुढे सरकत खऱ्या चिपच्या बाहेर गेलं. राइट फंक्शन तरीही ‘ओके’ देत राहिलं! रीस्टार्ट केल्यावर मात्र एरर आली: नो फाइल सिस्टम, म्हणजे कार्डावर फाइल्स मांडायची रचनाच सापडत नाही.

कार्डावरचे कच्चे बाइट दाखवणाऱ्या हेक्स एडिटरमध्ये पाहिलं. फॅट टेबलाची सुरुवात ‘एफ८ एफएफ एफएफ ०एफ’ अशी हवी. तिथे शून्याच्या आसपास वरखाली होणारे आकडे होते, म्हणजे चक्क ऑडिओ सॅम्पल्स. चिप संपल्यावर पत्ता फिरून पुन्हा शून्यावर आला होता आणि नवीन रेकॉर्डिंग फॅटवरच लिहिलं गेलं होतं. काही बनावट कार्डं जागा संपल्यावर डेटा नुसता टाकून देतात. मग फाइलचं नाव आणि साइज बरोबर दिसते, आत काहीच नसतं.

विक्रेत्याचं उत्तर तयारच होतं: “६४ जीबीला एक्सफॅट लागतं, तुम्ही फॅट३२ केलंत म्हणून करप्ट झालं.” एक्सफॅट आणि फॅट३२ या दोन फाइल सिस्टम. ऐकायला पटतं, पण आहे थाप. ५१२ बाइटच्या सेक्टरवर फॅट३२ दोन टीबीपर्यंत जातं. ३२ जीबीची मर्यादा होती ती विंडोजच्या फॉरमॅट खिडकीची. एक्सफॅट काय, छोट्या उपकरणांसाठीची लिटलएफएस काय, खोटं बोलणाऱ्या कार्डापुढे कुठलीच फाइल सिस्टम टिकत नाही.

नवीन कार्ड आलं की आधी कार्ड रीडरला लावा आणि कार्ड पूर्ण भरून तपासणारा प्रोग्राम, लिनक्सवर एफ३, विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू, चालवा. पूर्ण कार्ड भरू द्या आणि मगच वाचा. थोडं लिहून लगेच वाचलं तर बनावट कार्डही पास होतं, कारण तो डेटा अजून पुसला गेलेला नसतो. सेकंदाला १० एमबी धरले तर ६४ जीबी भरायलाच पावणेदोन तास लागतात, वाचायचा वेळ वेगळा. कंटाळवाणं काम आहे खरं.

एफ३चा रिपोर्ट पाठवल्यावर विक्रेत्याने फाइल सिस्टमचा विषय सोडला आणि पैसे परत केले. परतीची मुदत चालू होती म्हणून हे जमलं. कार्डं आणून ठेवून महिन्याभराने डिव्हाइसमध्ये घालणार असाल, तरी टेस्ट आल्या दिवशीच करा.