जुन्या शर्टांच्या गठाणीत माझे साडेनऊ हजार गेले, तुम्ही तरी पाहून घ्या

मी हिंगणघाटजवळच्या एका खेड्यात राहते, घरीच शिलाई करते. जेन्ट्सचे जुने शर्ट उसवून लहान पोरींचे फ्रॉक, झबले, उशीचे अभ्रे शिवते आणि आठवडी बाजारात विकते. ४२ साईजच्या शर्टात दोन वर्षाच्या पोरीचा फ्रॉक आरामात निघतो आणि शर्टाची बटनपट्टी पाठीमागे घेतली का काजं करायची मेहनतही वाचते. आतापर्यंत शर्ट कपड्यावर भांडे देणाऱ्या बाईकडून घ्यायची, ती एकेक शर्ट दाखवून द्यायची, कधी त्रास नाही झाला.

दिवाळीच्या आधी ऑर्डर वाढल्या म्हणून मोबाईलवर एकाचा व्हिडिओ पाहिला, "ए ग्रेड कॉटन शर्ट, ८० किलोची गठाण, ११० रुपये किलो". व्हिडिओ कॉलवर त्याने निळ्या स्टूलवर शर्ट ठेवून एकेक उलगडून दाखवला, एकदम मस्त चेक्सचे. शर्ट दोनशे-अडीचशे ग्रॅमचा धरला तर सव्वातीनशे ते चारशे नग, म्हणजे नगाला तीस रुपयेही नाही, मी तर हिशोब करूनच खूश. तीन हजार अॅडव्हान्स टाकले. मग बिल्टीचा, म्हणजे ट्रान्सपोर्टच्या पावतीचा फोटो आला आणि लगेच फोन, "दीदी माल निकल गया, बाकी पेमेंट डाल दो, नहीं तो रास्ते से वापस बुला लूंगा." सासूबाई म्हणे, "आधी माल पाह्य, मंग पैसे दे." पण मी ५८०० टाकूनच दिले.

ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनमधून ६४० रुपये भाडं देऊन गठाण उचलली, भाडं दिल्याशिवाय ते हात लावू देत नाहीत. घरी सोयाबीनच्या काट्यावर चढवली तर ६३ किलो. पट्टी कापली, वरचे पंचवीस-तीस शर्ट तेच व्हिडिओवाले. त्याच्याखाली हात घातला तर ओलं लागलं, वजन वाढवायला पाणी मारलेलं असेल, वासही कुबट. काखेत कापड पार कुजलेलं, दोन बोटांनी ओढलं की चर्रर्र. माचिसची काडी लावून पाहिली तर कॉटनसारखी कागदागत जळून राख व्हायला पाहिजे ना, इथे धागा आकसून काळी गोळी झाली आणि प्लास्टिकचा वास सुटला, म्हणजे पॉलिस्टर. आणि सगळ्यात वाईट म्हणजे निम्म्याच्या वर शर्ट ब्लेडने आरपार चिरलेले, कॉलर परदेशी टॅगची. नंतर एका धंदेवाल्याने सांगितलं, बाहेर देशातून वापरलेले कपडे असेच आणायला बंदी-परवान्याची भानगड आहे, म्हणून चिंध्या म्हणून आणायचे तर ते आधी चिरतात आणि पानिपतकडे त्याचा धागा काढून ब्लँकेट बनतात. म्हणजे मला धाग्याचा माल फ्रॉकसाठी विकला बाप्पा!

दोन दिवस फोन, शिव्या, सगळं केलं. तिसऱ्या दिवशी हा अगदी गोड आवाजात, "दीदी रिफंड दे रहा हूं, क्यूआर स्कॅन करो." मी स्कॅन केला, ८८०० रुपये दिसले आणि पिन मागितला. मी टाकणारच होती, तेवढ्यात बारावीतला पुतण्या ओरडला, "काकू, पैसे यायले पिन कायले लागते?" तिथेच वाचली, नाहीतर अजून ८८०० गेले असते.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनवर कॉल केला, पण उशीर झाला होता. अशा वेळी ताबडतोब फोन करायचा, पैसे पुढे जायच्या आत अडवता येतात. ग्राहक हेल्पलाईन १९१५ आहे. आणि आपण पोटासाठी स्वतः शिवून विकतो म्हणून कायद्याने ग्राहक नाही असं कोणी सांगितलं तर ऐकू नका, २०१९ च्या ग्राहक कायद्यात स्वयंरोजगारासाठी घेतलेला माल चालतो, ५ लाखापर्यंतच्या केसला फी पण नाही. मी ग्राहक आयोगात अर्ज टाकायची तयारी करतेय, व्हॉट्सअॅपचे मेसेज, बिल्टी आणि काट्यावरचा फोटो ठेवला आहे.

पस्तीस शर्टांचे फ्रॉक झाले, बाकी पोछ्याला. आणि काल त्याचा नवीन व्हिडिओ आला, नाव वेगळं, नंबर वेगळा, स्टूल तोच निळा.