नाण्यांच्या फोटोसाठी मॅक्रो फोकसिंग रेल: चष्मेवाल्यांनी जरूर घ्यावी

ही रेल म्हणजे कॅमेरा वर बसवून नॉबने थोडा थोडा सरकवायची पट्टी. ठाण्यात गोखले रोडच्या एका दुकानातून घेतली, साधी चार दिशांना सरकणारी, बिनब्रँडची. माझी नजर अधू, व्ह्यूफाइंडरमधून शिवराईवरचं (शिवाजी महाराजांचं तांब्याचं नाणं) ‘श्री राजा शिव’ शार्प आहे की नाही हे मला कळतच नाही, आणि मॅक्रोला (अगदी जवळून) १:१ वर, म्हणजे सेन्सरवर नाणं खऱ्या आकाराएवढंच पडतं तेव्हा, अॅपर्चर एफ ८ ठेवला तरी जेमतेम मिलिमीटरभर जागाच फोकसमध्ये राहते, म्हणजे हात जरा हलला की गेलं. रेलवर काय होतं, लेन्सची रिंग एकदा सेट करून सोडून द्यायची आणि अख्खा कॅमेरा नॉबने हळूहळू सरकवायचा.

पण खरी मजा एचडीएमआय केबल लावून लाइव्ह व्ह्यू घरच्या टीव्हीवर घेतला तेव्हा आली, झूम करून अक्षराची कड एवढी मोठी दिसते की चष्मा कपाळावर ठेवला तरी चालतं (बायकोची सिरियल तेवढी बुडते). फोकस पीकिंगवर (फोकसमधल्या कडा रंगवून दाखवणारी कॅमेऱ्यातली सोय) मात्र माझा फार भरवसा नाही, चकचकीत नाण्यावर ते सगळीकडेच रंग दाखवतं.

नॉब मऊ फिरतो, पण प्लेटचा स्क्रू ढिला आहे आणि जड लेन्स लावून कॅमेरा खाली तोंड करून ठेवला की रेल स्वतःच घसरते, लॉक घट्ट करावाच लागतो. कॅमेरा सरळ आहे का बघायला नाण्याच्या जागी छोटा आरसा ठेवा, लेन्सचं प्रतिबिंब बरोब्बर मधोमध दिसलं पाहिजे. शटरला दोन सेकंदांचा टायमर लावा. एफ १६ च्या पुढे जाऊ नका, सगळंच धूसर येतं.

पाचपैकी चार, एक त्या स्क्रूसाठी कापला.