बावीस हजार किलोमीटरांत पुढचे टायर संपले: ईव्ही दीड वर्ष चालवल्यावर

रेंज, चार्जिंग, बॅटरी यावर सगळेच लिहितात, म्हणून ते थोडक्यात. ही ईव्ही, म्हणजे इलेक्ट्रिक गाडी, ऑगस्ट २०२४ मध्ये घेतली, आता ३१,००० किलोमीटर झालेत. आठवड्यातून एकदा नाशिक-ठाणे ठरलेलं, बाकी गावातलं फिरणं. बॅटरीची काही तक्रार नाही. स्क्रीन दोनदा अडकली, अपडेट आल्यावर सुधारली. मला बोलायचंय ते टायरबद्दल.

गेल्या नवरात्रात घोटीजवळ पुढचं डावं चाक पंक्चर झालं. पंक्चरवाल्याने चाक उतरवून आडवं टाकलं आणि म्हणाला, "दादा, बाहेरून काय बघताय? आतून हात फिरवा." बाहेरच्या कडेला नक्षी चांगली शिल्लक होती. आतल्या कडेवर बोट फिरवलं तर रबर पार गुळगुळीत, आणि एका जागी टायरच्या आतली तार बोटाला टोचली. आदल्याच आठवड्यात बायको-मुलांना घेऊन भर पावसात याच टायरवर मी कसारा घाट उतरलो होतो. ते आठवून त्या रात्री मला नीट झोप लागली नाही.

तेव्हा मीटरवर २२,००० किलोमीटर होते. आधीच्या डिझेल गाडीचे पुढचे टायर मी ४६,००० ला बदलले होते. त्यामुळे पहिला राग ईव्हीवरच निघाला. रागाला कारणंही होती. बॅटरीमुळे ही गाडी जुन्या गाडीपेक्षा दोनेकशे किलोंनी जड. पाय दाबला की मोटरचा सगळा टॉर्क (चाक फिरवायचा जोर) त्याच क्षणी चाकावर येतो, आणि सिग्नलला सगळ्यांच्या पुढे निघायची सवय मला पहिल्याच महिन्यात लागली होती. त्यात गाडी फ्रंट व्हील ड्राइव्ह. ओढायचं काम पुढच्या चाकांचं आणि रीजेनने (मोटरच गाडी आवरते आणि त्यातून बॅटरी भरते) थांबवायचं कामही त्यांचंच. ब्रेक पॅड अजून नव्यासारखे आहेत, पण थांबवण्यातला मागच्या चाकांचा वाटाही पुढच्या टायरनी सोसला.

हिशेब मांडला तेव्हा जास्तच लागलं. ईव्हीसाठी वेगळं मीटर घेतलंय, घरी चार्ज केली की किलोमीटरला साधारण सव्वा रुपया पडतो. दोन टायरचे १८,००० रुपये २२,००० किलोमीटरवर वाटले तर ८२ पैसे होतात. पेट्रोल-डिझेलचे पैसे वाचवायला घेतलेल्या गाडीत हा खर्च कुणी सांगतच नाही. टायरवरचा जीएसटी नेमका त्याच आठवड्यात २८ वरून १८ टक्क्यांवर आला, तेवढाच आधार.

सर्व्हिस सेंटरला गेलो. उत्तर मिळालं, "सर, ईव्हीत असंच होतं." हे मला पटलं नाही. वजनामुळे आणि टॉर्कमुळे झिजायचं तर दोन्ही टायर फक्त आतल्या कडेलाच कसे झिजले? १५,००० किलोमीटरच्या सर्व्हिसच्या बिलात व्हील अलाइनमेंटचे (चाकांची दिशा आणि कोन जुळवण्याचे) पैसे लावलेले होते. मी त्याचा प्रिंटआउट मागितला. तीन फोन आणि दोन चकरा झाल्या, प्रिंटआउट मिळाला नाही. शेवटी नाशिकमधल्या द्वारकेजवळच्या एका टायरवाल्याकडे अलाइनमेंट तपासली. स्क्रीनवर पुढच्या दोन्ही चाकांचा टो, म्हणजे चाकांच्या तोंडांची दिशा, लाल रंगात. चाकांची तोंडं किंचित बाहेरच्या बाजूला होती, म्हणजे प्रत्येक किलोमीटरला आतली कड रस्त्यावर घासत होती. पावसाळ्यात नाशिक-ठाणे वाटेवरच्या आसनगाव ते वडपे पट्ट्यातल्या खड्ड्यांतून ज्यांनी गाडी काढली आहे त्यांना याचं कारण वेगळं सांगायला नको.

इथे माझं मत बदललं, पण पूर्ण नाही. टायरवाल्याने डेप्थ गेजने (नक्षीची खोली मोजायच्या पट्टीने) जुन्या टायरचा मधला भाग मोजून दाखवला. नव्या टायरची खोली साडेसात मिलिमीटर धरली तर मधे ३.२ उरली होती, आणि कायद्याची मर्यादा १.६. म्हणजे अलाइनमेंट बरोबर असती तरी हे टायर तीस हजारांच्या आसपास गेलेच असते. बावीसचे तीस अलाइनमेंटने झाले असते. तीस आणि सेहेचाळीस यांतला फरक गाडीच्या वजनाचा आणि माझ्या पायाचा.

नवे टायर घेताना त्याने त्याच साइजचा एक स्वस्त टायर पुढे केला होता. त्याचा लोड इंडेक्स ९५, म्हणजे एका टायरला जास्तीत जास्त ६९० किलो भार. मी ९९ चा घेतला, ७७५ किलोंचा. जड गाडीला इथे पैसे वाचवावेसे वाटले नाहीत. रेंज मात्र उतरली. पूर्वी २६५ किलोमीटर दिसायची, आता २५० दिसते. मूळ टायर कमी रोलिंग रेझिस्टन्सचे (फिरताना रस्त्याला कमी अडणारे) होते, त्याचा हा परिणाम. पंधरा किलोमीटर गेले तरी चालतील.

तेव्हापासून इको मोड, सिग्नलला घाई नाही. हवा सकाळी, टायर थंड असताना, घरच्या हवेच्या गेजने ३५ पीएसआय भरतो. पंपावरची मुलं सवयीने ३० भरतात, त्यांना दर वेळी सांगावं लागतं. नव्या टायरवर आठ हजार किलोमीटर झाल्यावर पुढचे टायर मागे आणि मागचे पुढे केले, दिवाळीनंतर अलाइनमेंट पुन्हा तपासली. आता कुठेही अलाइनमेंट केली की आधीच्या आणि नंतरच्या आकड्यांचा प्रिंटआउट हातात पडल्याशिवाय मी पैसे देत नाही.

गेल्या रविवारी स्टिअरिंग पूर्ण वळवून, टॉर्च घेऊन चाकाशेजारी बसलो. आता मागे गेलेले ते दोन नवे टायर जॅक लावून मोजले. ९,००० किलोमीटरनंतर आतली कड ६.२ मिलिमीटर, मध्य ६.३, बाहेरची कड ६.२. याच चालीने गेले तर चाळीस हजार गाठतील. ईव्हीतही टायर टिकतो. गाडी घेतली त्या दिवशी डेप्थ गेजही घेतला असता तर घोटीला ती तार बोटाला लागलीच नसती. साडेतीनशे रुपयांचा गेज आता ग्लोव्ह बॉक्समध्ये असतो, आणि मुलगा महिन्यातून एकदा आकडे वहीत लिहून घेतो.