दोन रात्रींचं पॅकेज, आंघोळ एकच

आधीच सांगते, रिसॉर्टचं नाव लिहीत नाहीये. शहापूर तालुक्यातलं आहे, आसनगावच्या पुढे हायवे सोडून आत, आणि त्या पट्ट्यात बरी रिसॉर्टही आहेत तेव्हा सगळे एकाच माळेचे मणी असं समजू नका. पण मे महिन्यात शाळा सुरू व्हायच्या आधी दोन दिवस जाऊया म्हणून तुम्ही फोनाफोनी करत असाल आणि समोरून कोणी "मॅडम तुम्ही फक्त या, बाकी आमच्यावर सोडा" म्हणालं तर आधी हे वाचा, मग जीपे करा.

आम्ही ठाण्याचे, मानपाड्याला राहतो. माणसं आठ. आम्ही दोघं, दोन पोरं, सासूबाई, दीर, जाऊ आणि त्यांची मुलगी. लोणावळ्याच्या घाटात अडकायचं नव्हतं म्हणून जवळचं बघितलं, 50-55 किलोमीटर, म्हटलं दीड तासात पोचू. साकेतच्या पुलावरच पाऊण तास गेला, पुढे वडप्यापर्यंत रुंदीकरणाची रडकथा आहेच, पण ते काही रिसॉर्टवाल्याच्या खात्यात टाकत नाही.

चेक-इन 12 चं. रूम मिळाली सव्वाचारला. रिसेप्शनला आमच्यासारख्याच अजून चार फॅमिली बॅगांवर बसलेल्या, पंखा एक, तोही काउंटरच्या आतल्या माणसाकडे तोंड करून. आदल्या दिवसाच्या लोकांनी रूम सोडल्याच नव्हत्या. का, तर त्यांच्या आंघोळी राहिल्या होत्या, पाणीच साडेअकराला आलं. हे आम्हाला काउंटरने नाही सांगितलं हं, डोक्याला टॉवेल गुंडाळून बाहेर पडणाऱ्या एका काकूंनी सांगितलं. तिथूनच गाडी वळवायला हवी होती पण अॅडव्हान्स गेलेला, पोरांनी स्विमिंगचे गॉगल डोळ्याला लावून ठेवलेले, कुठे वळवता.

शेजारी-शेजारी दोन रूम द्यायचं बोलणं झालं होतं. एक दिली तळमजल्याला आणि एक मागच्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. सासूबाईंचे गुडघे बघून दिराने वरची घेतली. आमच्या रूममध्ये चादर पसरलेली होती पण बदललेली नव्हती, ते कसं कळलं तर उशीजवळ बिस्किटाचा चुरा आणि बाथरूममध्ये कोणाचा तरी अर्धा झिजलेला साबण, त्याला केस चिकटलेला. एसीचा रिमोट मागितला तर 500 रुपये डिपॉझिट. रिमोटचं! म्हटलं दादा, पॅकेज एसी रूमचं आहे ना, तर म्हणे लोकं घेऊन जातात मॅडम. घरी नेऊन काय करतात लोकं, देवाला माहीत.

आता पाण्याचं. हे जरा सविस्तर सांगते कारण सगळी गंमत इथेच आहे.

साडेपाचला पोरांना अंगावर पाणी घ्यायला पाठवलं तर नळ नुसता फुस्स. फोन केला. "करतो मॅडम, दोन मिनिटं." अर्ध्या तासाने परत फोन, परत दोन मिनिटं. मी तरातरा बाहेर आले तर लॉनवर रेन डान्स चालू! कुठल्यातरी कंपनीची वन डे पिकनिक आली होती, शंभरेक माणसं, वरून पाइपातून धो धो पाणी आणि खाली सगळे गाण्यावर नाचतायत. मी बघतच राहिले. तिथे एक पोरगा पाइप सांभाळत उभा होता, तिथल्याच पाड्यावरचा, त्याला विचारलं अरे रूमला का नाही पाणी, तर त्याने अगदी सरळ सांगून टाकलं, "ताई टाकी एकच आहे, व्हॉल्व इकडे फिरवलाय, पिकनिक गेली की तिकडे फिरवणार." म्हणजे पाणी होतं! कोणाला द्यायचं हे ठरवून टाकलेलं होतं, आणि त्या यादीत आम्ही नव्हतो. पिकनिक गेली साडेसातला, तोपर्यंत टाकीने राम म्हटला.

त्याच पोराने सांगितलं की रिसॉर्टला टँकर लागतो, त्याच्या पाड्यावरही मे मध्ये टँकरच येतो, पण रोज नाही. आणि हा तालुका कुठला तर जिथे भातसा आणि तानसा ही धरणं आहेत. मुंबईच्या पाण्यातला निम्म्याच्या आसपास वाटा एकट्या भातसाचा, आमच्या ठाण्यालाही महापालिका भातसा नदीवर पिसेहूनच पाणी उचलते. म्हणजे आम्ही घरच्या नळाच्या उगमाकडे पैसे भरून गेलो आणि बिनआंघोळीचे झोपलो. सासूबाई म्हणाल्या, "माहेरी विहिरीचं पाणी शेंदलं, चाळीत नळावर भांडणं केली, पैसे देऊन बिनपाण्याचं राहायचं तेवढं राहिलं होतं."

सकाळी टँकर आला तेव्हा दीर मुद्दाम बघायला गेला, तो हिशोबी माणूस. 10,000 लिटरचा एक टँकर. रूम चाळीस, मे महिन्यात फुल्ल, म्हणजे दीडशेच्या वर माणूस, वर दिवसाची पिकनिक शंभर. माणशी 40 लिटर. त्यात फ्लश आला, किचन आलं, भांडी आली आणि परत तो रेन डान्स. दोन बादल्यांत काय काय करणार? पाणी टंचाई हा मालकाचा दोष नाही, मान्य, पण चाळीस रूम भरून वर पिकनिक घ्यायची हे तर कोणी त्याच्या डोक्याला पिस्तूल लावून करायला सांगितलं नव्हतं ना. आमची जी एक आंघोळ झाली ती त्या टँकरच्या कृपेने, सकाळी साडेआठला, बादल्या मोजून.

स्विमिंग पूल हिरवट. नायलॉन कॉस्च्यूम कंपल्सरी, ते योग्यच आहे, पण भाड्याचा कॉस्च्यूम ओला हातात देतात. क्लोरीनचा वास इतका की डोळे चुरचुरत होते, आणि तिथला माणूस अभिमानाने सांगतो वास येतोय म्हणजे साफ आहे. उलट असतं ते. क्लोरीन घाम-लघवीत मिसळलं की तो झोंबणारा वास सुटतो, नीट सांभाळलेल्या पूलला एवढा वास नसतो. पोरं एकदा उतरली, नंतर मी उतरू दिलं नाही.

जेवण... नाश्त्याचे पोहे चांगले होते, खोटं का बोला. दुपारी पॅकेजमध्ये आमरस-पुरी लिहिलेली. आमरस डब्यातल्या पल्पचा, ऐन मे महिन्यात, ज्या महिन्यात ठाण्याच्या जांभळी नाक्यावर आंब्याच्या पेट्यांतून वाट काढावी लागते! आणि पुऱ्या संपलेल्या. रसाची वाटी हातात घेऊन आम्ही वीस मिनिटं पुरीची वाट बघत उभे, शेवटी धाकट्याने रस भाताबरोबर खाल्ला.

रात्री डीजे. स्पीकर दहाला बंद करायचे असतात हा नियम सन 2000 पासून आहे, गणपतीत आपल्या सोसायटीला बरोबर सांगायला येतात सगळे. इथे साडेबाराला कोंबडीचं गाणं चालू होतं. मॅनेजरला फोन केला तर, ओळखा बघू, दोन मिनिटं. शेवटी नवऱ्याने पोलिसांना 112 लावतो म्हणून सांगितलं तेव्हा आवाज कमी झाला, बंद नाही झाला, कमी झाला.

मॅनेजरवर माझा राग आहेही आणि नाहीही. चोवीस-पंचवीसचा असेल, तोच रिसेप्शन, तोच बुकिंगचा फोन, तोच भाजी संपली की बाइकवर शहापूरला पळणार. मालकाचा नंबर मागितला तर म्हणाला साहेब फोन घेत नाहीत. बुकिंगच्या वेळी घेतले होते बरं का, दोनदा. सगळी शिवीगाळ त्या पोराने खायची आणि पैसे घरी बसून कोणीतरी मोजायचे असा एकूण कारभार. त्याला रडायला आलं होतं एका फॅमिलीसमोर, ते बघून मी माझं अर्धं भांडण गिळलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परत नळ फुस्स झाला तेव्हा सासूबाईंनी स्वतःच बॅग भरायला घेतली. म्हणजे पैसे दोन रात्रींचे, राहिलो एकच. बिलात 10 टक्के सर्व्हिस चार्ज लावलेला. तो काढायला लावा, बिनधास्त. 2022 मध्येच केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने सांगितलंय की आपोआप लावता येत नाही, आणि मार्च 2025 मध्ये दिल्ली हायकोर्टानेही तेच उचलून धरलं. मी एवढं म्हटल्याबरोबर मॅनेजरने पेनाने खोडला, वाद पण घातला नाही, म्हणजे त्यांना माहीत असतं. पाण्याच्या बाटलीवर मात्र भांडू नका, हॉटेलात बसून घेतलेल्या बाटलीला एमआरपीपेक्षा जास्त घेऊ शकतात, ते कोर्टात त्यांच्या बाजूने गेलंय. आमच्या 14 बाटल्या झाल्या. त्यातल्या दोन तर दात घासायला गेल्या.

चांगलं काय तर पहाटे साडेपाचला गॅलरीतून माहुली किल्ल्याचे सुळके दिसतात, उन्हं यायच्या आधी निळे-काळे, खालच्या झाडीत कुठेतरी मोर ओरडत होता. सासूबाई आणि मी चहा घेऊन अर्धा तास नुसत्या बसलो होतो, एक शब्द न बोलता. आणि तो पाड्यावरचा पोरगा, त्याने सासूबाईंना औषध घ्यायला स्वतःच्या घरून माठातलं पाणी तांब्यातून आणून दिलं, पैसे दिले तर घेईना, मग पोरांचे चिक्कीचे पुडे कोंबले त्याच्या हातात. दोन स्टार देतेय ते ह्यांचे, रिसॉर्टचे नाहीत.

जाणारच असाल तर बुकिंगच्या आधी तीन प्रश्न व्हॉट्सॅपवर लेखी विचारा, तोंडी नको: त्या तारखांना वन डे पिकनिक आहे का, पिण्याचं सोडून वापरायचं पाणी रोज किती टँकर येतं, आणि डीजे किती वाजता बंद. उत्तर टाळलं तर समजून जा. पूर्ण पैसे आधी देऊ नका, जीएसटी नंबरचं पक्कं बिल मागा.

रात्री दहाला घरी पोचलो. लिफ्टपाशी सोसायटीची नोटीस, उद्या महापालिकेचा शटडाऊन, पाणी जपून वापरा. सासूबाईंनी चपला काढल्या आणि थेट बाथरूममध्ये जाऊन पिंप भरायला लावलं.

दुसऱ्या रात्रीचे पैसे आणि रिमोटचं डिपॉझिट अजून आलेलं नाही. 1915 ला, म्हणजे ग्राहक हेल्पलाइनला, तक्रार नोंदवली आहे.