माहूरझरीचे दहा दिवस की रामनगरची रोजची सकाळ?

नागपुरात कुणाला सांगून बघा की हल्ली डोकं फार तापतं, झोप लागत नाही. दोन सल्ले हमखास मिळतात. एक, "विपश्यनेला जाऊन ये, माणूस बदलून जातो." दुसरा, "काही नको, पहाटे ऊठ आणि योगाच्या वर्गाला जात जा." सल्ला देणारा स्वतः जे करून आलेला असतो तेच सांगतो, त्यामुळे ऐकणारा होता तिथेच राहतो. मी दोन्हीकडे, म्हणजे माहूरझरीच्या विपश्यना-ध्यानाच्या शिबिराला आणि रामनगरच्या योगवर्गाला, जाऊन आले आहे, म्हणून मुख्य तुलना या दोघांचीच करते. बाकीचे पर्याय ओघात येतील.

माझा निकष आधीच सांगून टाकते. शिबिरात किती छान वाटलं, याला मी फार महत्त्व देत नाही. दहा दिवस कुणी आयतं जेवायला वाढलं आणि फोन काढून घेतला, तर कुणालाही छान वाटेल. प्रश्न त्यानंतरचा आहे. महिन्याभरानं एखाद्या मंगळवारी कामवाली आलेली नाही, मुलाची व्हॅन दारात हॉर्न देतेय आणि साहेबांचा मेसेज येऊन पडलाय, अशा सकाळी शिकलेल्यापैकी हाताशी काय राहतं?

आधी विपश्यना. सत्यनारायण गोयंका ही पद्धत ब्रह्मदेशात सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे शिकले आणि १९६९ मध्ये भारतात आले. त्यांच्या परंपरेचं नागपूरचं केंद्र म्हणजे धम्म नाग, कळमेश्वर रस्त्यावर माहूरझरीला. (हे तेच माहूरझरी, जिथली शिलावर्तुळं आणि अकीक-कार्नेलियनचे प्राचीन मणी पुरातत्त्ववाल्यांना चांगलेच माहीत आहेत. गावात माणूस किती जुना आहे, या विचारानंच निम्मा ताण उतरायला हवा!) कामठीच्या ड्रॅगन पॅलेसच्या आवारातही २०१७ पासून विपश्यना केंद्र आहे.

शिबिर म्हणायला दहा दिवसांचं, पण आदल्या संध्याकाळी हजर व्हायचं आणि अकराव्या दिवशी सकाळी सुटायचं. म्हणजे सुटी बारा दिवसांची धरा. इथेच पहिली गळती होते. "काहून, बारा दिवस फोन बंद? हापिसात का सांगू?" हा प्रश्न मिहानमधल्या पोरांपासून सिव्हिल लाइन्समधल्या बाबूंपर्यंत सगळ्यांचा असतो. राज्य सरकारी कर्मचाऱ्यांना विपश्यनेसाठी रजा मिळण्याची सोय आहे, पुष्कळांना ते ठाऊकच नसतं. आस्थापनेच्या टेबलावर विचारा. खाजगी नोकरीत मात्र तुमचं तुम्हालाच बघायचं.

पैसे लागत नाहीत. राहणं, जेवण, शिकवणं सगळं विनामूल्य. शिबिर पूर्ण केल्यावर वाटलं तर दान द्यायचं, आधी कुणी मागत नाही. किंमत द्यावी लागते ती शरीराची. पहाटे चारला घंटा होते, साडेचारला बैठक सुरू, आणि मध्ये न्याहारी, जेवण, विश्रांती सोडली तर दिवसाला दहा तासांहून जास्त बसणं. संध्याकाळी पाचला नव्या साधकाला चहा, एखादं फळ, थोडे मुरमुरे. रात्रीचं जेवण नाही. बोलणं नाही, खाणाखुणा नाहीत, वाचणं-लिहिणं नाही. नवरा-बायको एकाच शिबिराला गेले तरी व्यवस्था वेगवेगळी.

पहिले तीन दिवस फक्त श्वास. तोही मुद्दाम घ्यायचा नाही, जसा येतो तसा नाकाच्या दारात जाणायचा. हळूहळू जागा आणखी लहान करत नेतात: नाकपुड्यांच्या खाली, वरच्या ओठाच्या वर, बोटाच्या पेराएवढी. दुसऱ्या दिवशी दुपारी तिथे काहीही जाणवत नाही आणि डोक्यात मात्र लग्नात झालेल्या मानापमानापासून गॅसच्या नंबरपर्यंत सगळं फिरतं. मग कधीतरी त्या पेरभर जागेत खाज, ऊब, गार वारा असं काहीतरी स्पष्ट लागतं. चौथ्या दिवशी विपश्यना देतात. डोक्यापासून पायापर्यंत शरीराचा एकेक भाग बघत जायचं, जाणवेल ते जाणवू द्यायचं आणि त्यावर चिडायचं नाही की हुरळायचं नाही. त्यानंतर दिवसातून तीन बैठका अशा, की तासभर हात-पाय हलवायचे नाहीत आणि डोळे उघडायचे नाहीत. मांडी अशी काही पेटते की चाळिसाव्या मिनिटाला माणूस स्वतःच्याच निर्णयक्षमतेवर शंका घेतो. गुडघ्याचा खरा त्रास असेल तर खुर्ची मिळते, लाजू नका.

यातून मिळतं ते खरं आहे. राग येण्याआधी छातीत, जबड्यात जे काही होतं ते दिसायला लागतं, आणि दिसलं की मधे एक क्षण मिळतो. हे पुस्तक वाचून येत नाही. पण मघाचा निकष लावला की विपश्यनेची खरी किंमत कळते. घरी गेल्यावर सकाळी एक तास आणि संध्याकाळी एक तास बसायचं, अशी अपेक्षा असते. रोज दोन तास! माझ्या ओळखीत शिबिर करून आलेले पुष्कळ आहेत, दोन्ही वेळा बसणारे फार थोडे. बाकीच्यांकडे एक चांगली आठवण उरते आणि "पुन्हा एकदा जायला पाहिजे" हे वाक्य.

आणखी एक अट आधी माहीत असलेली बरी. तिथे असताना जप, माळ, पोथी, पूजा, इतकंच काय योगासनंसुद्धा बाजूला ठेवायची असतात. पद्धत शुद्ध स्वरूपात पारखून बघता यावी म्हणून. ज्या घरात रोज हरिपाठ होतो किंवा सामुदायिक प्रार्थना चुकत नाही, तिथल्या माणसाला हे दहा दिवस जड जाऊ शकतात. बौद्ध घरांतल्या लोकांना शिबिरात पाळायचं पंचशील नवं नसतं, त्यांना वातावरण ओळखीचं वाटतं. पण शिबिर कुणालाही खुलं आहे आणि धर्म बदलायला कुणी सांगत नाही, हेही तितकंच खरं.

आता रामनगर. इथलं जनार्दनस्वामी योगाभ्यासी मंडळ १९५१ मध्ये सुरू झालं आणि शिकवणं तेव्हापासून निःशुल्क. मुख्य केंद्राशिवाय शहरात वस्त्या-वस्त्यांमध्ये त्यांचे वर्ग चालतात. घराजवळ कुठला आहे ते रामनगरला विचारलं की कळतं. बारा दिवसांची रजा लागत नाही, फॉर्म भरून वाट बघावी लागत नाही. सतरंजी घेऊन जायचं.

काटेकोर बोलायचं तर इथे 'ध्यान' कमीच. आसनं, प्राणायाम, शेवटी शवासन. म्हणून काही जण नाक मुरडतात: हा तर व्यायाम झाला. पण पतंजलींच्या अष्टांगातही ध्यान सातव्या पायरीवर येतं. आसन आणि प्राणायाम त्याच्या आधी. दिवसभर खुर्चीत बसून मान आखडलेल्या माणसाला थेट "मन बघ" म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. त्याला आधी पाठ सरळ ठेवून दहा मिनिटं बसता आलं पाहिजे. अनुलोम-विलोम करताना बोटं नाकावर असतात, त्यामुळे श्वासाकडे लक्ष आपसूक राहतं, वेगळा आटापिटा करावा लागत नाही. भ्रामरीचा गुंजारव कवटीत घुमतो तेवढा वेळ डोक्यातली बडबड थांबते, हा अनुभव तर पहिल्या आठवड्यातच येतो.

उणिवाही आहेत. वर्गात निवृत्त मंडळी बरीच, त्यामुळे तिशीतल्या माणसाला सुरुवातीला परकं वाटतं. शिक्षक सेवाभावी असतात, पण प्रत्येकाची हातोटी सारखी नसते. आणि वर्ग सुटल्यावर तर्री-पोह्याच्या ठेल्यावर राजकारणाची जी चर्चा रंगते, त्यात कमावलेली शांती जागच्या जागी खर्च होते. तरी मंगळवारच्या सकाळी जमेल असं हेच आहे. वर्ग चुकला तरी पंधरा मिनिटं घरी करता येतात. न गेल्यास शेजारच्या काकू "काल दिसली नाहीस?" विचारतात, हा धाक तर कुठल्याच शिबिरात मिळत नाही.

या दोहोंच्या मधली जागा कामठी रोडवरच्या नागलोकची. त्रिरत्न बौद्ध महासंघाचं हे ठिकाण चालत्या बुद्धाच्या उंच मूर्तीमुळे सगळ्यांना माहीत आहे. या संघाचे संस्थापक संघरक्षित ६ डिसेंबर १९५६ ला, बाबासाहेब गेले त्या दिवशी, नागपुरातच होते आणि शोकाकुल लोकांपुढे बोलले होते. त्यामुळे या पद्धतीचं शहराशी नातं जुनं आहे. इथे श्वासाच्या ध्यानाबरोबर मैत्रीभावना शिकवतात: आधी स्वतःबद्दल सद्भावना, मग मित्राबद्दल, मग ज्याच्याशी काही देणंघेणं नाही अशा माणसाबद्दल, मग ज्याच्याशी पटत नाही त्याच्याबद्दल, आणि शेवटी सगळ्यांबद्दल. ज्यांचा ताण कामापेक्षा माणसांमुळे आहे, म्हणजे साहेब, जाऊ, भावकी, त्यांनी विपश्यनेच्या आधी हे करून बघावं असं माझं मत आहे. चौथ्या पायरीला साहेबांचा चेहरा डोळ्यांपुढे आणून बसणं ही परीक्षाच आहे.

ब्रह्माकुमारींचा सात दिवसांचा प्राथमिक कोर्स रोज तासाभराचा आणि विनामूल्य. वर्धा रोडवर जामठ्याला त्यांचं मोठं संकुल आहे, शिवाय मोहल्ल्यांमध्ये केंद्रं. ध्यान उघड्या डोळ्यांनी करतात, त्यामुळे डोळे मिटले की डुलकी लागणाऱ्यांची सोय होते. मात्र आत्मा, परमात्मा, युगचक्र हे तत्त्वज्ञान सोबत येतं. ते पटलं तरच पुढे गोडी लागते. श्वासाच्या सशुल्क शिबिरांमध्ये आर्ट ऑफ लिव्हिंगची सुदर्शन क्रिया सर्वांत माहितीची. थोड्या दिवसांत, गटात, उत्साहात होतं. एकटेपणानं पोखरलेल्यांना तो उत्साहच औषध ठरतो. रक्तदाब, फिट्स, गरोदरपण असेल तर श्वास वेगानं घेण्याचे प्रकार डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत. अ‍ॅपबद्दल एवढंच की ज्या यंत्रानं झोप उडवली, त्याच्याकडेच झोप मागायला जायचं, हे मला पचत नाही. फुकट टायमर म्हणून वापरा, वर्षाची वर्गणी भरायची घाई करू नका.

आणि ज्यांना यातलं काहीच नको, त्यांनी अंबाझरीला फेऱ्या मारल्या तर? हा प्रश्न थट्टेचा नाही. २०१४ मध्ये 'जामा इंटर्नल मेडिसिन'मध्ये ४७ चाचण्यांचा, ३५१५ लोकांचा एकत्रित आढावा आला होता. ध्यानानं चिंता, उदासी आणि वेदना बेताच्या प्रमाणात कमी होतात, असं त्यात दिसलं. पण व्यायाम किंवा औषधांपेक्षा ध्यान वरचढ असल्याचा पुरावा मिळाला नाही. तेव्हा जो सकाळी नियमानं चालतो, त्यानं विपश्यना न केल्याची खंत बाळगू नये.

एका बाबतीत मात्र मी आवडीनिवडीवर सोडणार नाही. ज्यांना सध्या नैराश्याचा तीव्र त्रास आहे, घबराटीचे झटके येतात, पूर्वी मनोविकाराचा मोठा आजार होऊन गेला आहे किंवा जीव नकोसा वाटतो, त्यांनी दहा दिवसांच्या मौनाला सुरुवात म्हणून जाऊ नये. शांततेत दडलेलं वर येतं, आणि तेव्हा बोलायला घरचं कुणी जवळ नसतं. विपश्यनेच्या अर्जात आजार आणि औषधांबद्दल विचारतात, ते खरंखरं लिहा. गोळ्या मनानं बंद करू नका. आधी मानसोपचारतज्ज्ञ, मेडिकलची (सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयाची) ओपीडी, किंवा टेली मानसचा १४४१६ हा नंबर. तो फोन फुकट आहे.

धडधाकट पण वैतागलेल्या माणसानं काय करावं, यावर माझं उत्तर ठरलेलं आहे: आधी रामनगर, मग माहूरझरी. पावसाळा लागला की वर्ग सुरू करा. दिवाळीपर्यंत टिकला आणि रोज वीस मिनिटं न चिडता बसता यायला लागलं, तर थंडीतल्या शिबिराचा अर्ज भरा. आयुष्यातलं पहिलं शिबिर मे महिन्यात करायचं टाळा. पंचेचाळीस डिग्रीत दुपारच्या बैठकीला समता, म्हणजे न चिडता-न हुरळता बसणं, शिकायची म्हणजे पहिलीतल्या पोराला एकदम दहावीचा पेपर. ज्यांचा बसण्याचा सराव आधीचाच आहे किंवा ज्यांना घरापासून, फोनपासून तुटून विचार करायची खरोखर गरज आहे, मग ते निवृत्तीच्या उंबरठ्यावरचे असोत की नोकरी बदलण्याआधीचे, त्यांनी थेट माहूरझरी गाठलं तरी हरकत नाही.

बुटीबोरीला फिरत्या पाळीत काम करणाऱ्यांचं गणित वेगळं. आठवड्याला वेळ बदलते, त्यामुळे सकाळचा वर्ग धड होत नाही आणि बारा दिवसांची सुटी सुपरवायझर देत नाही. त्यांनी दिवसपाळीच्या आठवड्यांत वर्गाला जाऊन अनुलोम-विलोम आणि शवासन नीट शिकून घ्यावं, आणि रात्रपाळीहून आल्यावर, काही खाण्याआधी, पडदे ओढून तेवढंच करावं. घरात पोरं असतील तर तीही बसतील. शाळांमधल्या 'मित्र' या ध्यानाच्या उपक्रमामुळे पुष्कळ ठिकाणी त्यांना आनापान, म्हणजे श्वास जाणण्याचं ध्यान, शिकवलेलं असतं, आणि बाबांची पाठ वाकली की टोकायला त्यांना फार आवडतं.