एक डबा आणि सात सुटी हत्यारे: बडोद्यातील खरेदीचा अभिप्राय

हा अभिप्राय दोन खरेद्यांचा आहे. पहिली खरेदी 2022 मध्ये घरपोच मागवलेल्या, 44 नग असलेल्या सायकल दुरुस्तीच्या डब्याची, ज्याला 2,650 रुपये पडले. दुसरी खरेदी त्यानंतरच्या वर्षभरात रावपुऱ्यातील एका जुन्या हार्डवेअरच्या दुकानातून एकेक करून घेतलेल्या सात हत्यारांची, आणि तिचा एकूण खर्च जवळपास तेवढाच झाला. दोन्ही खरेद्यांची हत्यारे ज्यांवर वापरली त्या सायकली दोन आहेत: माझी गिअरची हायब्रिड, आणि वडिलांची काळी, 28 इंची चाकांची, सळईच्या ब्रेकची सायकल, जी आजही अकोट्याहून दांडिया बाजारापर्यंत भाजी आणायला जाते.

डब्याबद्दल प्रथम न्यायाने बोलायला हवे. त्यातील टायर काढण्याच्या प्लास्टिकच्या पट्ट्या उत्तम आहेत, मागच्या गिअरचक्रांची रिंग सोडवणारा खाचांचा सॉकेट अचूक बसतो आणि साखळीची पिन ढकलणारे यंत्र सावकाश फिरवले तर काम देते. तक्रार आहे ती रोज लागणाऱ्या वस्तूंबद्दल. हँडल ज्यावर बसते त्या स्टेमचा बोल्ट सोडवताना डब्यातील पाच मिलिमीटरची ॲलन की आधी किंचित पिळली आणि मग बोल्टच्या षटकोनी खाचेत गरकन फिरली. व्हर्नियरने, म्हणजे बारीक माप घेण्याच्या साधनाने, मापली तेव्हा ती 4.86 भरली, रावपुऱ्यातून आणलेली पाचची की 4.97 भरते. हा फरक कागदावर क्षुल्लक दिसतो, पण की जेवढी बारीक तेवढी ती खाचेच्या सपाट बाजूंना न टेकता फक्त कोपऱ्यांना टेकते, सगळा जोर त्या सहा कोपऱ्यांवर येतो आणि कोपरे गोल होतात. तीन-चारशे रुपयांची की वाचवताना मी बोल्ट घालवला आणि तो बाहेर काढण्यासाठी मिस्त्रीकडे जावे लागले.

डब्यातील पेडलचा पाना हे दुसरे दुखणे. त्याचे तोंड 15 मिलिमीटरचेच आहे, पण दांडी जेमतेम 15 सेंटिमीटरची. पेडल साधारण 35 ते 40 न्यूटन मीटरने (हे फिरवण्याच्या जोराचे माप) आवळलेले असते. एवढ्या दांडीच्या टोकाला त्यासाठी पंचवीस किलोच्या आसपास भार द्यावा लागतो, आणि वर्षभर पाणी-धूळ खाऊन जाम झालेल्या पेडलला त्याहून कितीतरी जास्त. तीस सेंटिमीटरच्या दांडीला हाच जोर निम्मा पुरतो. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात हे डब्यासोबतच्या चिठ्ठीत कुठेही लिहिलेले नाही, त्यामुळे नवशिक्या माणूस सोडवण्याच्या नादात तेच पेडल आणखी आवळत बसतो आणि आखूड पान्याने बोटे सोलून घेतो.

आता दुकानाबद्दल. ते अरुंद आहे, उजेड कमी आहे आणि दुपारी दोन तास बंद असते. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा पान्यांचा अख्खा संच मागितला, त्यावर मालकांनी संच न दाखवता विचारले, "काका, नट आणलाय का बरोबर?" मी आणला नव्हता. त्यांनी मला परत पाठवले नाही, पण ज्याचा नट खिशात आहे त्यालाच ते पाने काढून दाखवतात, आणि दुसऱ्या दिवशी मागच्या चाकाचा नट घेऊन गेलो तेव्हा त्यांनी तीन कंपन्यांचे 15 चे पाने त्यावर चढवून दाखवले. एक ढिला होता, एक ठीक होता, तिसरा नुसता ठेवल्याबरोबर नटाला चिकटल्यासारखा बसला. कलाभवन या इथल्या तंत्रशिक्षण संस्थेत शिकलेले माझे वडील हेच सांगत असत: पाना चढव, आधी हलवून बघ, मग जोर लाव.

तिसरा पाना तपारियाचा निघाला, नाशिकला बनणारा. ही कंपनी 1969 पासून स्वीडनच्या एका कंपनीच्या तांत्रिक सहकार्याने हत्यारे बनवू लागली, आणि योगायोग असा की आपण ज्याला स्क्रू पाना म्हणतो त्या सरकत्या जबड्याच्या पान्याचे आजचे रूपही स्वीडनच्याच योहान पेटर योहान्सन याच्या 1892 च्या पेटंटमधून आलेले आहे. स्क्रू पाना मात्र मी सायकलीच्या नटांवर शेवटचा उपाय म्हणूनच वापरतो. वापरायचाच असेल तर सरकता जबडा ज्या दिशेला आहे त्या दिशेने पाना ओढावा, म्हणजे भार पक्क्या जबड्यावर येतो. उलट ओढला की जबडा उघडतो आणि नट गोल होतो.

सात हत्यारांत लांब दांडीचा पेडलचा पाना, 15 चा रिंग पाना, चार-पाच-सहा मापांच्या तीन सुट्या ॲलन की, एक पक्कड आणि एक डिसमिस आहे. (बडोद्यात पेचकस म्हटले की दुकानदार क्षणभर बघत राहतो, गुजरातीतून आलेला डिसमिस हाच आमच्याकडच्या मराठी घरांतलाही शब्द आहे.) या डिसमिसविषयी थोडे अधिक. गिअर बदलणाऱ्या यंत्रणेवरचे, साखळीची हद्द ठरवणारे दोन बारीक स्क्रू जपानी मानकाच्या चौफुली खाचेचे असतात, आणि नेहमीचा फिलिप्स डिसमिस त्यात तळापर्यंत पोचत नाही, वर तरंगतो आणि जोर लागताच उसळून खाच खरवडतो. जपानी मानकाचा डिसमिस या दुकानात नव्हता. मालकांनी एका चांगल्या फिलिप्सचे टोक ग्राइंडरवर केसभर घासून दिले, मधेमधे पाण्यात बुडवून, म्हणजे पोलादाचे पाणी उतरू नये. वर्ष झाले, एकही खाच खराब झालेली नाही.

वडिलांच्या सायकलीला या हत्यारांपैकी फारसे काही लागत नाही. तिला लागतो कॉटर, म्हणजे क्रँक (पेडलची दांडी) आसाला पक्का करणारी पाचर, काढण्यासाठी हातोडा आणि क्रँकखाली ठेवायला लाकडाचा भक्कम ठोकळा, कारण ठोकळा नसेल तर प्रत्येक घाव आतल्या छऱ्यांवर जातो. नट पूर्ण काढून ठोकायचे नसते. तो कॉटरच्या टोकाशी सपाट होईल इतकाच सोडवून ठोकले तर आटे वाचतात. साखळी किती झिजली हे बघण्याचे मापही वेगळे घेतले नाही. दोन्ही सायकलींच्या साखळीची कडी अर्ध्या इंचाची, म्हणून पोलादी फूटपट्टीवर बारा इंचांत चोवीस कड्या बसायला हव्यात. पिन सोळांश इंच पुढे गेली की साखळी बदलावी, अष्टमांश गेली तर मागची दातेरी चक्रेही बहुधा गेलेली असतात.

या दोन खरेद्यांची खरी परीक्षा मी घेतली नाही, ती 2024 च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीच्या पुराने घेतली. अकोट्यातील आमच्या तळमजल्यावर पाणी शिरले तेव्हा डबा आणि सुटी हत्यारे दोन्ही खालच्या फळीवर होती आणि दोन दिवस गाळाच्या पाण्यात राहिली. पाणी ओसरल्यावर सगळे केरोसिनमध्ये बुडवून ठेवले. सुट्या पान्यांवरचा क्रोमचा मुलामा शाबूत राहिला, काळ्या ॲलन कींवर गंज चढला होता पण तो तारेच्या ब्रशने निघाला आणि कींची मापे बदलली नाहीत. डब्यातील पान्यांचा मुलामा मात्र पापुद्र्यासारखा सुटला, आणि त्यातील रॅचेटचा दांडा गाळ आत जाऊन कायमचा अडकला. उघडून धुण्याची सोयच त्याला नाही; मागच्या बाजूला स्क्रूऐवजी रिवेट ठोकलेली आहे.

दुकानाबद्दल दोन उणिवा नोंदवतो. विकलेला माल परत घेत नाहीत, आणि चाकाच्या आसाचे कोन (छऱ्यांना टेकणारे शंकूच्या आकाराचे नट) बसवायला लागणारे पातळ पाने तिथे कधीच नसतात. पुढच्या चाकाला बहुतेक वेळा 13 चा आणि मागच्याला 15 चा लागतो, जाडी दोन मिलिमीटरच्या आसपास, कारण शेजारच्या चकतीला न अडकता पाना आत जायला हवा. मी शेवटी डब्यातलेच सोललेले 13 आणि 15 चे पाने मकरपुऱ्यातील एका कारखान्यात नेले आणि दोन्ही बाजूंनी घासून पातळ करून घेतले. जोर लावायच्या कामाचे ते नाहीत, पण कोन धरून ठेवायला पुरतात, आणि 2,650 रुपयांच्या त्या डब्यातील सध्या सर्वांत जास्त वापरात असलेल्या वस्तू त्याच आहेत.