लक्समीटर की क्वांटम सेन्सर: झाडांसाठी प्रकाश कशाने मोजावा?

झाडांना मिळणारा प्रकाश मोजायचा म्हटले की निवड बहुधा लक्समीटर आणि क्वांटम सेन्सर या दोहोंत करावी लागते. क्वांटम सेन्सर बराच महाग असल्याने लक्समीटरवर भागेल का, हा प्रश्न रास्तच आहे. मात्र त्याचे उत्तर झाड कोणते यापेक्षा उजेड कशाचा आहे यावर ठरते.

लक्समीटर माणसाच्या डोळ्याच्या हिशेबाने मोजतो. डोळ्याला ५५५ नॅनोमीटर तरंगलांबीचा पोपटी प्रकाश सर्वांत उजळ दिसतो आणि तेवढ्याच ऊर्जेचा ६६० नॅनोमीटरचा लाल प्रकाश त्याच्या जेमतेम सहा टक्के. पानाला मात्र ४०० ते ७०० नॅनोमीटरचा सगळा पट्टा उपयोगी पडतो. क्वांटम सेन्सर याच पट्ट्यातील फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे कण, मोजतो आणि दर सेकंदाला दर चौरस मीटरवर त्यांचे किती मायक्रोमोल (मोल हे कणांच्या संख्येचे एकक, मायक्रोमोल त्याचा दहा लाखावा भाग) पडले, ते सांगतो.

उन्हात हा फरक फारसा नडत नाही. सूर्यप्रकाशाची रंगघडण बरीचशी ठरलेली असल्यामुळे लक्सच्या आकड्याला ५४ ने भागले की मायक्रोमोलचा कामचलाऊ आकडा मिळतो: ५४,००० लक्स म्हणजे सुमारे १,००० मायक्रोमोल. सोडियम दिव्याखाली हाच भाजक ८२ च्या आसपास जातो. केवळ उन्हावर चालणाऱ्या हरितगृहासाठी क्वांटम सेन्सरवर खर्च करू नये, असे माझे मत आहे.

लाल-निळ्या एलईडीखाली मात्र लक्समीटर साफ फसवतो. त्या जांभळट उजेडात तो इतका कमी आकडा दाखवतो की दिवा कमजोर आहे असे वाटून माणूस तो आणखी खाली आणतो आणि वरची पाने करपतात. इथे क्वांटम सेन्सरला पर्याय नाही. पण तोही डोळे झाकून घेऊ नये. जुन्या बनावटीच्या काही सेन्सरांची संवेदनशीलता ६५५ नॅनोमीटरच्या आसपासच ढासळते आणि रोपांसाठीच्या लाल एलईडीचा जोर नेमका ६६० वर असतो. म्हणून खरेदीपूर्वी माहितीपत्रकातला संवेदनशीलतेचा आलेख पाहावा. (त्यात आलेखच नसेल, तर तो सेन्सर मी घेणार नाही.)

सेन्सर कोणताही असो, तो पानांच्या उंचीवर अगदी सपाट ठेवावा लागतो. वाचन घेताना आपलीच सावली त्यावर पडणे ही नेहमीची चूक, आणि पांढरा सदरा घालून जवळ उभे राहिले तर आकडा उलट थोडा वाढतो.

एका क्षणाच्या आकड्यावर मात्र फार विसंबता येत नाही. दिव्याखाली दर सेकंदाला २०० मायक्रोमोल सलग १२ तास मिळाले, तर दिवसाची बेरीज ८.६४ मोल होते, हे कागदावरही काढता येते. ढगाळ दिवशी उन्हाची बेरीज अशी निघत नाही. त्यामुळे उघड्यावरच्या पिकासाठी, दुपारी एकदाच वाचलेल्या महागड्या क्वांटम सेन्सरपेक्षा दिवसभर नोंदी ठेवणारा साधा लक्स-लॉगर मी पसंत करीन.